गाळलेला नियम

४ तारीख, सोमवार

आज सकाळी दहा वाजून बारा मिनिटांनी अस्मादिकांचे या गृही सुखरूप आगमन झाले. सोबतचा लवाजमा येणेप्रमाणे: बॅग एक, छत्री एक, वर्णपट्टिका एक, आणि मीच रचलेल्या 'गृहप्रवाळपरीक्षा-प्रदीप' या ग्रंथाची द्वितीय आवृत्ती. प्रथम आवृत्ती कोणी वाचली नाही. द्वितीय आवृत्ती न वाचणे अधिक सुकर व्हावे म्हणून मी तिची आठ पाने कमी केली आहेत.

लोकांच्या घरी जाऊन त्यांच्या काचेच्या टाक्यांतील प्रवाळांची प्रकृती आणि वर्ण तपासणे, गुण देणे, आणि यजमानांचे तोंड पुरते उतरण्यापूर्वी चहा संपवून जोडे घालणे, हा माझा एकोणीस वर्षांचा उद्योग. पट्टिकेवर सहा छटा असतात. सहावी गडद, भरलेली, पहिली पांढरीफटक. प्रवाळाच्या अंगात एक सूक्ष्म शैवाल भाडेकरू म्हणून राहते आणि भाड्यापोटी त्याला रंग व अन्न पुरवते. प्रवाळ त्रासले की प्रथम भाडेकरूला हाकलते, मग पांढरे पडते, मग उपाशी मरते. घरमालकांना हा दृष्टांत मी आवर्जून सांगतो.

आमच्या प्रवाळपालक मंडळाच्या सर्वोच्च सन्मानासाठी यंदापासून परीक्षकाने चौदा दिवस घरातच मुक्काम करावा, अशी अट आहे. यजमानीणबाईंनी निमंत्रणपत्रात माझी वाट पाहणारे घरी कोणी आहे का, अशीही चौकशी केली होती. कुलपाखेरीज कोणी नाही, असे मी कळवले. एवढी आस्था हल्ली सख्खे भाऊही दाखवत नाहीत.

घरात माणसे तीन. बाई, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. छापील अक्षरावर त्यांची निष्ठा इतकी, की औषधाच्या बाटलीवरची सूचनाही उभ्याने वाचतात. त्यांचा चिरंजीव दंतवैद्य; हात मऊ, आवाज त्याहून मऊ, आणि प्रत्येक वाक्य 'दुखणार नाही' याच सुरात. तिसरी सूनबाई. तिचा पुढचा एक दात कोपऱ्यावर तुटका आहे. माझी नजर तिथे गेलेली पाहून तीच म्हणाली, की काका, बघताय काय, वैद्याच्या घरी खोकला सगळ्यांत जुना असतो. मुलगी तरतरीत आहे. अंगाने मात्र आजारातून उठल्यासारखी.

उंबरठ्यावरच माझ्या पायांना आयोडीनच्या पाण्याचे स्नान घडले. माझ्याच ग्रंथातला नियम तिसरा: 'नवागतास आयोडीनस्नान घालून चौदा दिवस मंद प्रकाशात विलग ठेवावे, म्हणजे बाहेरचा रोग आत येत नाही.' हा नियम प्रवाळांपुरता होता, हे मी हसत निदर्शनास आणले. बाईही हसल्या, आणि माझा मोबाइल त्याच पातेल्यात बुडवला. तो तत्क्षणी कैवल्यास गेला. ग्रंथकाराचा एवढा शब्दशः सन्मान आजवर कोणी केला नव्हता. तक्रार तरी कोणत्या तोंडाने करावी?

मागील अंगाची एक खोली मला मिळाली आहे. पिवळा मंद दिवा, स्वच्छ पलंग, खिडकीला काळा कागद. कडी बाहेरून आहे. विलगीकरण म्हटले की कडी बाहेरूनच असायची.

५ तारीख, मंगळवार

टाकी पाहिली. शब्द अपुरे पडले, ही माझ्या आयुष्यातील दुसरीच वेळ. (पहिली वेळ विवाहाचा नकार ऐकताना.) दिवाणखान्याच्या एका भिंतीच्या जागी संपूर्ण काच, आत पाण्याच्या प्रवाहात झुलणारी नारिंगी, जांभळी, पोपटी नगरी. प्रत्येक फांदी सिमेंटच्या एकेका गोल चकतीवर चिकटवलेली. नवे तुकडे पाडण्याचे काम चिरंजीव हाड कापायच्या कात्रीने करतात. कात्री दवाखान्यातलीच आहे, असे त्यांनी मृदू स्वरात सांगितले.

घराच्या सर्व खिडक्या काळ्या कागदाने झाकल्या आहेत, कारण उन्हाने टाकीत हिरवे शेवाळ माजते. दिवाणखान्यात दुसरा दिवाही नाही. जो काही उजेड तो टाकीचा. सकाळी निळा, दुपारी बारा ते तीन पांढरा, संध्याकाळी पुन्हा निळा. माझी परीक्षा बारा वाजता. निळ्या दिव्याखाली मरायला टेकलेले प्रवाळही हिऱ्यासारखे चकाकते आणि धडधाकट माणूस बुडून मेल्यासारखा दिसतो. म्हणून वर्ण पांढऱ्या प्रकाशातच पाहायचा. या विद्येचे हे 'ग म भ न'. प्रथम आवृत्तीत हा नियम आठवा होता. पाने कमी करताना तोच गाळला. जे मूर्खालाही ठाऊक आहे, ते ग्रंथात कशाला?

आजचे गुण: साडेचार. बाईंना ते लागले. चेहरा तसाच ठेवून त्यांनी विचारले, की उरलेले दीड कुठे गेले. मी म्हणालो, आहारात. प्रवाळांना जरा सकस अन्न हवे.

६ तारीख, बुधवार

सकाळी ठीक आठला बाई पितळी घंटा वाजवतात. शाळा सुटली, घंटा सुटत नाही. मग हजेरी होते. टाकीपुढे चिरंजीव आणि सूनबाई उभी राहतात, आणि बाई माझ्या पट्टिकेसारखीच पट्टिका त्यांच्या गालाला लावून गुण वहीत लिहितात. मला हसू आवरेना. बाईंनी गंभीरपणे माझ्या ग्रंथाची प्रस्तावना उघडून दाखवली: 'गृह म्हणजे तरी काय? एक टाकीच! तीत वसणाऱ्या यच्चयावत् जीवांस नियम एकच.' हे वाक्य मी निव्वळ शोभेसाठी लिहिले होते. प्रस्तावनेत एखादी झुंबरवजा ओळ असावी लागते. कोणी त्या झुंबराखाली संसार थाटेल, अशी कल्पना नव्हती.

चिरंजीवांना तीन. सूनबाईला दोन. बाई स्वतःला स्वतःच चार देतात. गालांना लाली लावून येतात, आणि तिचा एक हात चिरंजीवांच्याही गालांवरून फिरलेला असतो, हे माझ्यासारख्याच्या नजरेतून सुटत नाही. निळ्या प्रकाशात तांबडा रंग गडद दिसतो. म्हातारी वस्ताद आहे.

७ तारीख, गुरुवार

दुपारचे ताट सूनबाई घेऊन आली. उंबरठ्यावर घुटमळली. म्हणाली, की काका, उद्या आई पट्टी तुमच्या हातात देणार आहेत. तुमचा मान म्हणून. जरा हात सैल सोडा. मी विचारले, नापास झालीस तर काय, अंगठे धरून उभे करतात? ती हसली. थोरले दीर वारल्यावर मागे राहिलेल्या जाऊबाईंना दीड मिळाले होते, म्हणाली, त्या माहेरी गेल्या. मग ताट टेकवता टेकवता हळूच म्हणाली, की त्यांना माहेर नव्हतंच, काका.

विनोद उत्तम होता. माझ्यापेक्षा सरस, हे कबूल करताना मला किंचित राग आला, हेही येथे प्रामाणिकपणे नमूद करतो. शिवाय एकोणीस वर्षांत मी कोणाला दयेचा अर्धा गुण दिलेला नाही. एका गृहस्थांनी माझ्या पाया पडून टाकीपुढे अश्रू ढाळले होते. मी त्यांना सांगितले, की खारे पाणी आत घाला, बाहेर नको.

८ तारीख, शुक्रवार

आठला घंटा. बाईंनी पट्टिका समारंभपूर्वक माझ्या हाती दिली. चिरंजीव तीन. सूनबाई पुढे आली. ती गाल चोळून आलेली असावी. तरी त्या निळ्या उजेडात चेहरा पिठूळ दिसत होता. निळ्यात तो तसाच दिसणार, हे मला ठाऊक होते. निळ्या दिव्याखाली लालीवाचून माणूस काय, प्रत्यक्ष देवही दोनच्या वर जायचा नाही. पण विनोदाला पांढरा प्रकाश लागत नाही. मी पट्टिका धरली, चष्मा नाकावर ओढला, टाकीतल्या रोगट प्रवाळाकडे पाहावे तसे पाहिले आणि निकाल दिला: दीड! भाडेकरू पळाला, घर ओस पडले!

बाई खळखळून हसल्या. गेल्या चार दिवसांत प्रथमच. चिरंजीवही हसले. सूनबाई हसली नाही. माझ्याकडे पाहत राहिली, आणि अगदी हळू म्हणाली, की तुम्हाला तर माहीत होतं ना, काका.

काय माहीत होते, ते विचारायचे राहून गेले. बाईंनी वहीवर माझी सही घेतली.

९ तारीख, शनिवार

ताट चिरंजीवांनी आणले. सूनबाई माहेरी गेली, असे कळले. सकाळी लवकर. हवापालट. मी विचारले, माहेर कुठे? ते म्हणाले, की जेवण गार होतंय.

तिचे जोडे मात्र दारापाशी आहेत. दोन्ही जोड. माणूस अनवाणी माहेरी जात नाही, एवढे लोकाचारज्ञान मलाही आहे.

१० तारीख, रविवार

बारा वाजता पाण्याची चाचणी केली. नळीतले पाणी गेले पाच दिवस जेमतेम गुलाबी होत असे. आज ते डाळिंबासारखे लाल झाले. याचा अर्थ एकच असतो: टाकीत कोणीतरी एकाएकी पुष्कळ अन्न घातले आहे. फेस गोळा करणाऱ्या यंत्राचा पेला काठोकाठ भरून वाहत होता, फेस काळपट. मी चाचणी तीनदा केली. तिन्ही वेळा डाळिंब.

बाई मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, की तुम्हीच सांगितलंत ना, सकस हवं म्हणून?

त्यांनी ग्रंथ उघडून नियम सातवा मला वाचून दाखवला. वाचन स्पष्ट, विरामचिन्हांसह. 'ज्याचा वर्ण दोनच्या खाली उतरेल, त्यास त्याच दिवशी टाकीतून काढावे. दया करू नये. एक सडका दहांना सडवतो. मात्र उपयोगी भाग वाया घालवू नये.'

भाषा माझीच आहे. शैली उत्तम आहे.

११ तारीख, सोमवार

सर्व वसाहत फुलली आहे. नारिंगी तर असे, की डोळे दिपावेत. मी काचेशी वाकून एकेक चकती तपासत गेलो. उजव्या कोपऱ्यात एक नवा तुकडा. त्याखाली सिमेंटची चकती नव्हती. पांढरे, गुळगुळीत, छोटे काहीतरी होते. प्रवाळ त्यावर चांगले धरले होते. चुन्यावर ते धरतेच. मी भिंग लावले.

दात होता. पुढचा. कोपऱ्यावर तुटका.

चिरंजीव शेजारी येऊन म्हणाले, की काम सुबक झालंय ना? मग अभिप्रायाचा कागद पुढे केला. मी पट्टिका पुन्हा काचेला लावून पाहिली. वर्ण मात्र सहाच होता. पाच लिहिले असते तर खोटे झाले असते. आणि मला वाटले, पूर्ण गुण दिले की काम संपले, मग ते मला जाऊ देतील.

सहा लिहिले. सही केली. सही सुरेख आली, याची लाज वाटते.

१२ तारीख, मंगळवार

घरी परतण्याची परवानगी मागितली. बाईंनी समजुतीच्या स्वरात सांगितले, की चौदा दिवस पुरे व्हायचेत. मधेच बाहेर काढलेला नवागत दगावतो, असं तुम्हीच लिहिलंय. पान बावीस. मी लिहिले आहे. पान बावीस.

खिडकीचा कागद नखाने खरवडला. मागे लोखंडी पत्रा. ओरडून पाहिले. टाकीचे पंप असे घुमतात, की माझे मलाच ऐकू येईना.

टाकीला सहा मिळाले, म्हणून आता दुपारची परीक्षा बंद. बारा ते तीन मी बाहेर यायचे कारण उरले नाही. म्हणजे पांढरा प्रकाश — मीच सही करून घालवला.

१३ तारीख, बुधवार

हजेरीत एक जागा रिकामी आहे. सतरा तारखेला माझे विलगीकरण संपते. त्या दिवशी आठ वाजता माझा गाल. दोनच्या वर गेलो, तर घरातला झालो. काका म्हणून राहायचे, असे बाई म्हणाल्या. जणू आशीर्वादच.

दोनच्या खाली, तर —

नियम पाठ आहे.

१४ तारीख, गुरुवार

पिवळा दिवा काढून निळा लावला. टाकीच्या प्रकाशाची सवय व्हावी म्हणून. हेही पान बावीसवरच.

पट्टिका मनगटाला लावली. दीड. दुसऱ्या मनगटाला. दीड. पोटाला लावली, तिथे ऊन कधी लागलेच नाही — एक.

मी धडधाकट आहे. मला काही झालेले नाही. तिलाही काही झालेले नव्हते.

१५ तारीख, शुक्रवार

बाईंनी चाचणी परीक्षा घेतली. वार्षिकच्या आधी चाचणी हवीच, म्हणाल्या.

मी गालांना तांबडी पेन्सिल घासून गेलो होतो. गुण देण्याची, माझीच. थुंकी लावून घासली. बाईंनी पट्टिका धरली. साडेतीन! क्षणभर मला बक्षीस मिळाल्यागत वाटले.

चिरंजीवांनी स्पिरिटचा बोळा काढला. दुखणार नाही, म्हणाले. गाल पुसले. कानामागेही पुसले.

दीड.

बाईंच्या गालांवर लाली होती. मी बोट दाखवले. त्या म्हणाल्या, परीक्षकाची परीक्षा कोण घेतो? एकोणीस वर्षे कोणी घेतली का तुमची?

१६ तारीख, शनिवार

सगळे सांगितले. निळ्यात सगळेच मेलेले दिसतात. सूनबाईही. मीही. फक्त दुपारी बाराला एकदा पाहा, पांढऱ्यात, एकदाच — पाया पडलो. रडलो.

चिरंजीव म्हणाले, की खारं पाणी आत घालूया, बाहेर नको. हे त्यांना कोणी सांगितले? ही रोजनिशी ते वाचतात. वाचू देत.

बाईंनी ग्रंथ माझ्यापुढे ठेवला. पुस्तकात दाखवा, म्हणाल्या. मी पाने उलटली. सात नियम. सातच. मागून पुढे, पुढून मागे. त्या थांबल्या होत्या, घाई नव्हती. सापडला का, विचारत होत्या, ढ मुलाला विचारतात तसे.

मग म्हणाल्या, मी अन्यायी नाही. ग्रंथकार हयात आहेत. उद्या घंटेच्या आत नियम लिहून द्या, मी वहीत चिकटवीन आणि बारा वाजेपर्यंत थांबेन.

वाचलो. एका ओळीचे काम आहे.

१७ तारीख, रविवार

साडेसात. चिठ्ठी दाराखालून सरकवली: 'पांढऱ्या दिव्यात बघा.'

परत आली. तांबड्या शाईने अधोरेखित. शेरा: ही ग्रंथाची भाषा नव्हे. नियमाच्या भाषेत लिहावे, तर नियम.

पावणेआठ. हात निळा दिसतो, मेल्यासारखा. नियमाची भाषा. मला येते. मलाच येते. दुसरे काय येते?

'नियम आठवा. ज्ञानवृद्ध, अनुभवसिद्ध परीक्षकाने —' नको. खोड.

'नियम आठवा. यतः प्रकाशभेदे वर्णभेदः, तस्मात् —' लांबतेय. सरळ लिही. सरळ लिहिले तर परत येईल.

बाहेर पावले. आठला चार मिनिटे. कात्री उकळत्या पाण्यात ठेवल्याचा आवाज. मऊ आवाज म्हणतो आहे, की —

'नियम आठवा. प्रवाळांची, तथा गृहस्थित यच्चयावत् जीवमात्राची वर्णपरीक्षा ही, कोणत्याही परिस्थितीत, कोणत्याही सबबीवर, अन्य सर्व प्रकाश वर्ज्य मानून, केवळ आणि केवळ —'

घंटा. अजून दोन मिनिटे होती, माझ्या घड्याळात अजून दोन

'— केवळ आणि केवळ मध्याह्नीच्या, शुद्ध, निर्दोष, सर्ववर्णसमावेशक अशा